आकड्याखाली सही

माझे बाबा निवृत्त प्राथमिक शिक्षक. त्यांना दोन मतं आहेत. एक विधानसभेचं, ते गावात सगळ्यांनाच असतं. दुसरं विधान परिषदेचं, पदवीधरांचं. परिषदेत शिक्षकांनी निवडलेले आमदारही असतात, पण ते निवडायचा हक्क हायस्कुलापासून वरच्या शिक्षकांना. पोरांचा हात धरून 'अ' गिरवून घेणारा शिक्षक कायद्याच्या हिशेबी शिक्षकच नाही. हे बाबांना फार लागलं होतं. पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी बाहेरून परीक्षा देऊन बी. ए. केलं. आई आल्यागेल्याला सांगायची, "ह्यांनी डिग्री घेतली ती दुसऱ्या मतासाठी. एका मतावर ह्यांचं भागत न्हवतं." हसत सांगायची, पण खोटं सांगत नव्हती.

आमचं गाव तळा या तालुक्याच्या गावापुढे, भातशेतीचं. पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते, नाव पुन्हा घालावं लागतं. मला त्याचा भयंकर वैताग. मिळालेली पदवी काय सहा वर्षांनी उतरते? बाबा मात्र गावातल्या एकूण एक पदवीधराच्या मागे लागत. मी माणगावला नोकरीला, तर मला फोनवर फोन.

गेल्या खेपेला तर त्यांनी ओटीवर वर्गच भरवला. "तिथे मशीन नाही, कागद असतो. त्यांनी दिलेलाच जांभळा पेन घ्यायचा. पहिल्या पसंतीच्या नावापुढे एक हा आकडा लिहायचा, पुढच्या पसंतीला दोन, तीन. बरोबरची खूण करायची नाही. सही तर मुळीच नाही. सही केली की मत बाद." कंपनीत कामाला जाणारे चांगले शिकलेले बाप्ये पहिलीतल्यासारखे माना डोलवत होते. मला हसू आवरेना.

जूनमध्ये मतदानाला मीच त्यांना रिक्षाने तळ्याला नेलं. आतल्या टेबलामागच्या अधिकारी बाई बाबांना बघून उठून उभ्या राहिल्या. त्यांचीच विद्यार्थिनी निघाली. "या गुरुजी," म्हणाली, आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्यांच्यामुळे मी इथे बसलेय." बाबांची छाती फुगली. मतपत्रिका घेऊन ते आडोशाला गेले. बाहेर आले ते थेट रिक्षाकडे निघाले. परतताना मी चहाला थांबू या म्हटलं, तर नको म्हणाले.

जेवताना त्यांचा घास हातातच राहिला. "मी सही केली," ते म्हणाले.

आम्हाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. एक लिहिला, तो छान ठसठशीत आला, आणि हात आपसूक खाली सरकला. जन्मभर वह्या तपासलेल्या, त्यात तपासलं की सही करायचीच. पूर्ण सही झाली, खाली तारीख घालायला निघाले तेव्हा भान आलं.

"मग दुसरा कागद मागायचा ना," मी म्हणाले. चुकून बिघडलेली मतपत्रिका परत दिली तर दुसरी मिळते, हेही त्यांनीच ओटीवर शिकवलं होतं.

"कुणाकडे मागू? तिच्याकडे?" बाबा म्हणाले. "पाटीवर सांगितल्यापेक्षा जास्त लिहिलं म्हणून मी तिला वर्गात उभं केलं होतं."

तशीच घडी घालून त्यांनी ती पेटीत टाकली होती. मला आधी रागच आला, आणि मग मी त्यांच्या ताटात थोडा भात वाढला. निकालाच्या बातम्यांत बाद मतांचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी उठून टीव्ही बंद केला. "आता सहा वर्षांनी," एवढंच म्हणाले. त्यांनी ऐंशी कधीच ओलांडलीय. त्या दिवसापासून आईने दुसऱ्या मताची थट्टा सोडून दिली. ती थट्टा नसलेलं घर मला मुळीच आवडत नव्हतं.

दिवाळीनंतर विधानसभेची निवडणूक आली. केंद्र गावातल्याच शाळेत, बाबांच्या जुन्या वर्गात. रांगेत बाबा पुढे, आई मागे, मी दोघांना धरून. बोटाला शाई लागली. कर्मचाऱ्याने नोंदवही पुढे सरकवली. "आजोबा, इथे सही करा." बाबांनी पेन धरला आणि ते नुसतेच त्या रेघेकडे बघत राहिले. मागची रांग चुळबुळ करायला लागली.

आई पुढे वाकली आणि आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "करा, करा. काय ती हितंच करून घ्या. आतमंदी न्हाय."

बाबा हसले. जूननंतर पहिल्यांदा मी त्यांना असं हसताना पाहिलं, आणि माझे डोळे भरून आले. त्यांनी सही केली, आत गेले, मशीन वाजलं. घरी येताना आईने विचारलं, "त्या दुसऱ्या मताचं नाव परत कधी घालायचं?"

"सहा वर्षांनी म्हटलं ना. तोवर मी असेन का?"

"असाल का म्हंजे? हाताला सवय लावा आतापासनं."

आता मी सुट्टीला घरी गेले की पेपर चाळते. रोजच्या पेपरच्या कडेला बाबांच्या अक्षरातला एकचा आकडा असतो. खाली काही नसतं. एक लिहिला की ते लगेच पेनाला टोपण लावतात आणि पेन आईच्या हातात देतात.