पाटाखालच्या पट्ट्या

माझ्या बहिणीला सगळे केकताई म्हणतात. मी म्हणत नाही. मी तिचा थोरला भाऊ, सुतार माणूस, मला असली लाडाची नावं जमत नाहीत. पण तिच्या केकखालची फळी वर्षानुवर्षं मीच कापत आलोय, तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला आहे.

नवरा गेल्यावर तिनं स्वयंपाकघरात केक करायला घेतले. सुरुवातीला बाजारातला पातळ पुठ्ठाच वापरायची. एकदा तो पुठ्ठा उचलताना मधोमध वाकला आणि वरची सगळी सजावट मोडली. गिऱ्हाइकानं तिला दारातूनच हाकललं. घरी येऊन ढसाढसा रडली. तेव्हापासून तिचा नियम, आधी पाट ठरवायचा, मग केक. केकखालच्या फळीला पाट हा तिचाच शब्द. केक कुठं जाणार, जिना आहे की लिफ्ट, तिथलं टेबल केवढं, हे विचारून झाल्याशिवाय ती अंडं फोडत नाही. पाट केकपेक्षा चारी बाजूंनी चार बोटं मोठा हवा, आणि त्याच्याखाली दोन लाकडी पट्ट्या हव्यातच. पट्ट्या असल्या की उचलताना बोटं आत जातात. लोकांना वाटतं, फळी ती फळी. अहो, त्या पट्ट्यांवर तिचं घर चाललंय!

आणि नेमक्या त्याच पट्ट्या तिनं पोटच्या पोरीच्या लग्नात मला लावू दिल्या नाहीत.

पिंटी तिची एकुलती एक. सासरचे मोठे लोक, त्यामुळे पोरगी आधीच दडपणाखाली. तिला केक मोठ्या बेकरीतून हवा होता. बहीण हटून बसली. शेवटी पिंटी म्हणाली, "बरं, कर तू. पण तिकडं आत्ता काही बोलायचं नाही. कापेपर्यंत नीट राहिला तर मी स्वतः सांगेन आईनं केलाय म्हणून. काही झालंच तर बेकरीचा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बहीण मात्र "चालेल" म्हणाली. एवढंच. तिच्या तोंडाकडं बघवेना.

मग पिंटीनं फोनवर फोटो दाखवला. तीन मजली केक, खाली गोल आरसा, आरसा टेबलाला अगदी चिकटलेला. "मामा, खाली ती फळकुटं नकोत. ती दिसली की लगेच घरगुती वाटतं."

"मग उचलायचा कसा? दातांनी?" मी विचारलं.

"एकदा ठेवला की उचलायचाय कशाला?"

मी बहिणीकडं बघितलं. "तू तरी सांग हिला!"

"दादा, तिला हवं तसं कर," ती म्हणाली. दुसऱ्या कुणी मागितलं असतं तर हिनं उभ्या उभ्या धडा दिला असता. पोरीपुढं सगळं शहाणपण गुंडाळून ठेवलं. मी जाड प्लायवूड गोल कापलं, वर आरसा चिकटवला आणि दिवसभर कुणाशी धड बोललो नाही.

हॉलवर आम्ही पाहुण्यांच्या आधी पोचलो. पाहुण्यांच्या टेबलांवर पाण्याचे ग्लास मांडलेले, प्रत्येकाखाली एक लाकडी चकती. केकचे मजले तिथंच एका रिकाम्या टेबलावर एकावर एक चढवले, फुलं लावली. केक असा देखणा झाला की मलाही दोन मिनिटं राग विसरायला झालं. तेवढ्यात मॅनेजर आला. "इथं नाही चालायचा. कॅमेरावाल्याला उजेड मिळत नाही. स्टेजवर घ्या."

बहिणीनं पाटाखाली बोटं घालून बघितली. नखसुद्धा शिरेना. मजले उतरवावेत तर सजावट जाणार, आणि दारात गाड्या यायला लागलेल्या. मॅनेजर हुकूम सोडून गायब.

"ओढून काठाबाहेर काढू," मी म्हटलं. "बाहेर आलेला भाग तू धर, मी मागून सरकवतो."

इंच इंच करत सरकवला. अर्धा बाहेर आला, तिनं खालून हात दिले, एका बाजूला मी गेलो. पण तिसरी बाजू झुकायला लागली. सगळ्यांत वरचा मजला हलला. खालच्या मजल्याला समोरच चीर पडली, चांगली बोटभर. "दादा, गेला रे!" बहीण इतकंच म्हणाली.

तेवढ्यात तिसरीकडून दोन हात आले. नवा शालू, हातभर बांगड्या. पिंटी! ओरडायला तोंड उघडलेलं, पण ओरडली नाही. "चला," म्हणाली. आम्ही तिघं खेकड्यासारखे आडवे चालत पायऱ्या चढलो आणि स्टेजवरच्या टेबलापाशी पोचलो.

आणि तिथंच अडकलो. ठेवायचा कसा? खाली पट्ट्या नाहीत, सहा हातांची बोटं पाटाखाली. तसाच टेकवला तर बोटं चिरडणार, झटक्यात काढली तर केक कोसळणार. हॉल भरत होता आणि सगळे आमच्याकडंच बघत होते.

गर्दीतून पिंटीच्या सासूबाई लगबगीनं वर आल्या. आधी चीर बघितली, मग नव्या सुनेला बघितलं. "अगं, हे काय? तू कशाला उचलतेस? बेकरीवाले कुठं गेले? बोलवा त्यांना, असला फुटका केक देतात म्हणजे काय!"

बहिणीनं मान खाली घातली. पिंटीनं सांगितलेलं ती इमानानं पाळत होती. माझ्या जिभेवर शिवी आली होती, ती कशीबशी गिळली.

"बेकरी नाहीये, आई," पिंटी सासूबाईंना म्हणाली. आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "माझ्या आईनं केलाय. फुटला तो माझ्यामुळं, मी तिचं ऐकलं नाही. त्या ग्लासाखालच्या लाकडी चकत्या आहेत ना, त्या इथं चार ठिकाणी दोन-दोन रचा. पटकन, हात सुटतील आमचे!"

सासूबाईंनी पर्स काखेत मारली आणि चकत्या गोळा करायला धावल्या.

बहीण माझ्यासमोरच उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि दोन्ही हात पाटाखाली, पुसायची सोय नाही. पिंटी जागची हलू शकत नव्हती. तिनं तशीच मान लांब केली आणि आपला गाल आईच्या गालावर टेकवला.