कडू लागलं की पोचलं

डोळ्यात औषधाचा थेंब टाकायचा आहे, अशी कल्पना करा. मान मागे, खालची पापणी ओढलेली, बाटली वर. थेंब पडणार इतक्यात पापणी मिटते आणि औषध गालावरून थेट कानात.

माझ्या मावशीचं असं कधी होत नाही. ती कपडे शिवते; सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला थेंबाचं काय! मोतीबिंदू काढल्यावर तिच्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आली होती. मशीनवरची सरळ टीप तिला नागमोडी दिसायची. डॉक्टरबाई म्हणाल्या, "थेंबांनी उतरली तर ठीक, नाहीतर डोळ्यात इंजेक्शन." दिवसभर सुयांशी खेळणारी मावशी ते ऐकून पांढरीफटक पडली.

मग थेंबांचा सपाटा सुरू झाला. थेंब टाकला की ती घशावर बोट ठेवून जाहीर करायची, "कडू लागलं. पोचलं मागे!" नाही लागलं तर आणखी एक थेंब.

शेवटी मी म्हणाले, "अगं, ते घशात पोचलं. नाकाजवळ डोळ्याच्या कोपऱ्यात बारीक नळी असते, तिच्यातून वाहून गेलं."

"म्हणजे इतके दिवस मी घशाचा इलाज करत होते?"

शिलाई मशीनला तेल घालत बसलेले मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्हणाले, "तरीच आवाज चढलाय."

"तुम्ही गप्प बसा हो!"

मी तिला डोळा मिटून तो कोपरा बोटानं हलकेच दाबून धरायला शिकवलं. "थोडं औषध पुढून आत शिरतं, थोडं पांढऱ्या भागातून कडेकडेनं झिरपत मागे जातं. पोचतं अगदी जरासं."

"कोटावर तेल सांडलं की अस्तरापर्यंत उतरतं, तसं?" काकांकडे रोखून बघत तिनं विचारलं.

"तसंच."

कडू लागायचं जवळपास थांबलं आणि मावशीचा जीव टांगणीला लागला. आता पोचल्याची खूण काय? तपासणीला जाताना रिक्षात ती सारखी जीभ टाळ्याला लावून कडू लागतंय का ते बघत होती.

डॉक्टरबाईंनी पडद्याचा फोटो दाखवला. मधला उंचवटा बराच बसला होता. "इंजेक्शन नको. थेंब चालू ठेवा."

मावशी खुर्चीतून उठली ती हसतच. दारापर्यंत गेली आणि वळली.

"बाई, एवढंसं औषध, झिरपत झिरपत जाणार. सूज नेमकी कुठे आहे, हे त्याला कळतं तरी कसं?"