गाडी बंद करण्याआधी

पडद्यांचं दुकान काकूंचं, आणि काका त्या दुकानाचे भोकं पाडणारे. गिऱ्हाइकाच्या भिंतीत भोकं पाडायची, दांडे बसवायचे, काकू पडदे अडकवत असल्या की शिडी धरून उभं राहायचं. काकूंना सगळी गल्ली ‘वादळ’ म्हणायची, अगदी तोंडावर. दूध तापायला वेळ लावतं म्हणून दुधावर चिडणारी बाई ती. उलट काकांचं प्रत्येक बोलणं ‘असं बघ’पासून सुरू व्हायचं, आणि पुढचा शब्द जुळेपर्यंत काकू दुसऱ्या खोलीत पोचलेल्या असायच्या.

त्यामुळेच तर सगळी पंचाईत. परगावी राहणाऱ्या मुलानं फोनवर सुचवलं, घर विका आणि आमच्याजवळ या. काकूंनी दोघांच्या वतीनं तिथल्या तिथे होकार ठोकून दिला आणि दुसऱ्या दिवशी दलालही गाठला. काकांना घर विकायचं नव्हतं. पण हे सांगायला वादळाला गाठायचं कुठे?

त्यातच दुकानाच्या जुन्या गाडीनं मान टाकली. दांड्यांचं ओझं घेऊन चढाला लागली की ती धापा टाकायची, म्हणून काकूंनी टर्बोवाली गाडी हेरली. वापरलेलीच, पण दमदार. चढावर एकदा पळवून बघितली आणि खूश होऊन गेल्या.

“असं बघ,” काका म्हणाले, “आधी एखाद्या मेकॅनिकला...”

तोवर काकूंची सही झालेली होती.

गाडी वेग घेताना झकास शिट्टी मारायची. काकूंना ती फार आवडायची. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, “ही हौसेची शिट्टी नाही काकू, पाईप चिरलाय.” पाईप बदलला. मग महिन्याभरानं मागून निळा धूर यायला लागला. मेकॅनिकनं या वेळी काकूंना स्टुलावर बसवलं.

“काकू, टर्बो म्हणजे इंजिनातल्या गरम धुरावर गरगर फिरणारा पंखा. तो लालबुंद तापतो. तुम्ही आल्या आल्या चावी फिरवून इंजिन बंद करता, की ऑइल थांबतं आणि तिथल्या तिथे करपतं. घरी पोचलात की मिनिटभर इंजिन नुसतं चालू ठेवायचं. ऑइलही वेळेआधी बदलायचं. नाही जमलं, तर पुढच्या खेपेला गाडी भंगारात.”

गाडीसाठी काकूंनी ते मनावर घेतलं. घरासमोर गाडी उभी करून स्टिअरिंगवर बोटं वाजवत त्या बसून राहायच्या. काका शेजारी. पहिल्या दिवशी ते म्हणाले, “असं बघ, चहात साखर जरा कमी असते.” उतरून कुठे जाताही येईना, त्यामुळे काकूंनी वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या दिवशीच्या चहात साखर होती. पुढे गुडघ्याचं निघालं, मग चष्म्याचं. काकांना चव लागली. मोठी गोष्ट मात्र घशाशी यायची आणि परत जायची. इतक्या वर्षांत या बाईला नाही म्हणायची वेळच आली नव्हती आणि आता त्यांना चक्क भीती वाटत होती.

शनिवारी काम उरकून दोघं परतत होते, तेवढ्यात दलालाचा फोन आला. उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय, आवडलं तर लगेच बयाणा देणार. काकू खुशीत. गाडी दारात लागली. इंजिन घरघरत राहिलं.

“असं बघ,” काका म्हणाले आणि थांबले.

काकूंची बोटं वाजत होती.

“मला घर विकायचं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती ठोकून बघितल्या. कुठे पोकळ, कुठे वायर, हे न ठोकता कळतं ते फक्त आपल्या घरात. मला इथेच राहायचंय.”

बोटं थांबली. मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं. काकूंचा हात चावीकडे गेला.

“अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“जुन्या गाडीत हे मिनिट कुठे होतं?” काका म्हणाले.

काकूंनी चावीवरचा हात काढला. फोन उचलून दलालाला उद्या येऊ नका म्हणून सांगितलं, आणि फोन पर्समध्ये टाकून सीटला टेकून बसल्या.

“बोला अजून काय काय राहिलंय ते,” त्या म्हणाल्या. “टाकी भरलेली आहे.”