अकरा एकांची संख्या

सासूबाई लासूर स्टेशनला ओट्यावरून घसरल्या आणि पायाला प्लास्टर घालून आमच्याकडं संभाजीनगरला आल्या. शिक्षण सातवीपर्यंत. टीव्हीचा तिटकारा, आणि रिकामं बसवत तर अजिबात नाही. मग माझ्या लेकीच्या जुन्या वहीत त्यांनी स्वतःच एक खेळ काढला. १११ असे नुसते एक लिहायचे आणि ती संख्या कशानं फुटते ते बघायचं. तीन एक लिहिले, तीननं भाग गेला. पाच एकांना एक्केचाळीसनं गेला. अकरा एकांपाशी गाडी अडली.

मी कॉलेजात गणित शिकवतो. पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "मामी, ती मूळ संख्या. नाही फुटायची."

"करून पाह्यलं का तुम्ही?"

झालं! मोबाईलवर पाहिलं आणि जीभ चावली. फुटत होती. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला.

"सांगू नका, जावईबापू. जन्मभर दुसऱ्यानं सांगितलेलंच ऐकलं. हे माझं मी काढीन."

एवढंच सांगायची परवानगी मिळाली की, बावीसनं भागून एक उरतो तेवढेच आकडे तपासा, त्यातलेही तीन-पाचनं फुटणारे सोडा. तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद... रोज सहा-सात भागाकार, प्रत्येकापुढं फुली. अडीच महिने! आमचे विद्यार्थी साध्या बेरजेला मोबाईल काढतात, आणि ही बाई उशीवर पाय ठेवून एकवीस हजारांच्या पुढं पोचली. मला तर कॉलेज सुटलं की घरी पळायची घाई व्हायची.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात वही चाळली आणि एका आकड्यापाशी थांबलो. २१६४९. हीच ती! आणि तिच्यापुढं फुली. वजाबाकीत एक हातचा चुकला होता. मामी पुढं निघून गेल्या होत्या, आणि पुढं पाच लाखांपर्यंत काहीच नव्हतं.

मला राहवेना. "मामी, मागं कुठंतरी एक चूक झालीय."

लई चिडल्या, स्वतःवरच. "कुठल्या पानावर ते बोलू नका," म्हणाल्या, आणि लासूरला जाऊन तेवीसपासून पुन्हा सुरुवात केली. अहो, अगदी पहिल्यापासून! मी बायकोला म्हणालो, तुझ्या आईपुढं हात टेकले बाई.

चार महिन्यांनी मी वर्गात असताना त्यांचा फोन आला. एरवी मी तासाला फोन घेत नाही. तो घेतला.

"फुटली! एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. दुसरी पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. दोनदा गुणून पाह्यलं. बरोबर हाय ना?"

"बरोबर, मामी."

"म्हंजी ती चुकीची फुली तुम्हाला दिसली व्हती, व्हय?"

"हो."

"अन् चार महिने गप बसलात? लई जड गेलं असंल हो तुम्हाला."

पोरं माझ्याकडं बघत होती. मी डोळे पुसले आणि त्यांना खरं तेच सांगितलं. वीस वर्षं गणित शिकवतोय, पण असं माझं स्वतःचं उत्तर माझ्याकडं एकही नाही.