न मारलेली हाक

त्या कारखान्यात लेथवरच्या बायका तासातून एकदा तरी 'सेटर!' अशी हाक मारायच्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त हाका खोट्या असायच्या.

लढाईच्या आधी तिथे शिलाई मशीनची चाकं बनत. लढाई सुरू झाली आणि दुसऱ्याच महिन्यात तोफगोळ्यांची पितळी टोपणं बनू लागली. पुरुष फौजेत गेले, लेथपुढे बायका उभ्या राहिल्या. बायकांनी टोपणं कातायची आणि टूलची धार गेली की सेटरला बोलवायचं. धार लावून टूल पुन्हा बसवणं हे त्याचं काम. आठ लेथच्या रांगेला एक सेटर. तो पुरुष, आणि त्याला भरतीतून सूट. ही सूट कुठवर, ते दारावरच्या नोटिशीत लिहिलेलं होतं: ज्या रांगेत एखादी बाई स्वतः टूल लावू शकेल, त्या रांगेचा सेटर फौजेसाठी मोकळा समजला जाईल.

म्हणून बायका काम शिकल्या आणि शिकल्याचं कुणाला दिसू दिलं नाही. सेटरांत कुणाचा नवरा होता, कुणाचा भाऊ, एकीचा तर सासराच. टूल लावता येत असलं तरी हाक मारायची, हाताची घडी घालून उभं राहायचं आणि तपासणीचा साहेब जवळून जात असेल तर 'अगंबाई, मोडलं वाटतं' म्हणायचं. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. चौथ्या रांगेचा सेटर त्याचा जावई होता.

दुसऱ्या रांगेतली तिसरी लेथ थोरलीची. त्या रांगेचा सेटर तिचा दीर. थोरलीचा नवरा पहिल्याच भरतीत गेला होता. तो कचेरीत कारकून होता. कारकुनाला सूट कोण देणार? दोन्ही भावांचा संसार एकाच घरात, दोन खोल्या आणि मधे स्वयंपाकघर. दिराची बायको, म्हणजे धाकटी, त्याच कारखान्यात मागच्या शेडमध्ये टोपणं खोक्यांत भरायची.

थोरलीला टूल लावायला दिरानेच शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत तो दगडावर धार धरून दाखवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, तुमचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. पण कुणाला सांगू नका हं, नाहीतर मला बंदूक घ्यावी लागेल." ती हसायची. एवढं चांगलं तिला आयुष्यात दुसरं काही जमलं नव्हतं, आणि नेमकं तेच लपवायचं होतं.

घरी मात्र हसू येत नसे. कोळसा मोजून मिळायचा, म्हणून शेगडी एकच पेटायची आणि दोघी एकामागून एक स्वयंपाक करायच्या. धाकटी दोन ताटं घ्यायची, थोरली एक. दोरीवर दिराचा ओला शर्ट दिसला की थोरली आपले कपडे दुसऱ्या टोकाला वाळत घालायची. धाकटी सकाळी डोळे चोळत बाहेर यायची आणि म्हणायची, "काय सांगू जाऊबाई, ह्यांच्या घोरण्यानं डोळ्याला डोळा नाही." यात दुखवण्याचा हेतू नव्हता. पण नवरा घोरतो ही तक्रारसुद्धा थोरलीला श्रीमंती वाटे. साखरेच्या रांगेत धाकटी नवऱ्यावर कुरकुरली, की थोरली मनातल्या मनात म्हणायची, दे की मग सरकारला.

दोन वर्षं तिने हे गिळलं. पत्रं यायची, महिन्याला एक, चार ओळींची, त्यातल्या दोन काळ्या शाईने खोडलेल्या. तिसऱ्या वर्षी नवऱ्याला रजा मिळायची होती; ती रद्द झाल्याचं कार्ड शनिवारी आलं. कार्ड फडताळात ठेवून ती वळते तो दारात धाकटी.

"जाऊबाई, एक मागू? उद्या आम्ही फोटो काढून घेणार आहोत. थोरल्या भावजींचा काळा कोट तसाच टांगलेला आहे. ह्यांना फोटोपुरता द्याल?"

"ने."

"रागावला नाहीत ना?"

"ने म्हटलं ना. झटकून घे, धूळ असेल."

रविवारी दीर तो कोट घालून खोलीतून बाहेर आला. बाह्या मापात बसल्या होत्या. धाकटी दोन पावलं मागे सरकली, मान तिरकी करून बघत म्हणाली, "अय्या, जसा ह्यांच्यासाठीच शिवलाय!" थोरली भाजी चिरत होती. तिने वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं आणि भाजी हवी त्यापेक्षा फारच बारीक चिरली.

सोमवारी फौजेच्या पुरवठा खात्याचा साहेब तपासणीला आला. सोबत मुकादम, चेहरा धुतल्यासारखा कोरा. दोघे थोरलीच्या लेथपाशी पोचले तेव्हाच तिच्या टूलची धार गेली. आवाजावरून सगळ्या रांगेला ते कळलं. दीर दोन लेथ पलीकडे चिंधीला हात पुसत हाकेची वाट बघत होता. शेजारची बाई डोळ्यांनी खुणावत होती, मार ना हाक.

थोरलीने लेथ थांबवली. पान्याने टूल सोडवलं, दगडापाशी गेली, धार लावली, अंगठ्याने चाचपली. परत येऊन टूलखाली पत्र्याची पट्टी सरकवली, टोक बरोबर मध्यावर आणलं, आवळलं आणि पहिलं टोपण कातून माप तपासायच्या गेजमध्ये घातलं. ते तंतोतंत बसलं.

साहेबाने टोपण हातात घेऊन फिरवलं. "कुणी शिकवलं?"

"ह्यांनीच," थोरली म्हणाली आणि दिराकडे बोट दाखवलं.

दिराच्या तोंडावर आधी हसू आलं. आपल्या हाताखालचं माणूस साहेबापुढे चमकलं, म्हणून कुठल्याही कारागिराला येतं तसं. मग ते गेलं. मुकादम म्हणाला, "कधीमधी जमतं साहेब, नशिबानं." साहेब म्हणाला, "पुन्हा करून दाखवा." तिने पुन्हा करून दाखवलं.

संध्याकाळी शेगडीपाशी धाकटी आली. "बायका म्हणतात, तुम्ही हाकच मारली नाहीत."

"विसरले."

"विसरलात?"

"साहेब समोर होता. गांगरले. हात आपोआप चालले."

धाकटी दोन ताटं घेऊन खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

तीन आठवड्यांनी दीर फौजेत गेला. जाताना तो थोरलीच्या पाया पडला आणि म्हणाला, "रांग सांभाळा, वहिनी." कारखान्यात तिला 'सेटरीण' म्हणू लागले, तेही तिला ऐकू जाईल अशा बेताने. डबा खायला तिच्या बाकावर कुणी बसेना. ती रांगेची सेटर झाली, वर्षाच्या आत तीन रांगांची. हाक आली की ती जायची. आता सगळ्या हाका खऱ्या होत्या.

घरात दोन एकेरी ताटं झाली. बरोबरी झाली, आता पोटातलं ते जळणं थांबेल, असं तिला वाटलं होतं. पण दिराची पत्रं दर आठवड्याला येऊ लागली, चार चार पानांची. धाकटी ती रांगेत उभी राहून वाचायची, मधेच फिसकन हसायची आणि घडी करून पोलक्यात ठेवायची. लेथचा माणूस म्हटल्यावर फौजेने त्याला दुरुस्तीच्या पथकात घेतलं होतं. ट्रकवर बसवलेली लेथ, मोठी इंजिनं, आणि आघाडी कित्येक मैल पुढे. थोरलीचा नवरा त्या पुढच्या मैलांत होता. तिने दिराला लढाईवर पाठवलं, आणि लढाईने त्याला कारखानाच दिला.

लढाई संपली तेव्हा दोघेही भाऊ परतले. थोरलीच्या नवऱ्याचा डावा कान गेला होता. भांडं पडलं की तो भिंतीला पाठ लावून बसायचा. त्याची जुनी जागा दुसऱ्याला दिलेली होती. दिराकडे फौजेचा कारागिरीचा दाखला होता आणि मोडीत निघालेल्या फौजी लेथ कुठे विकत मिळतात याची माहिती. कारखान्याने बायकांना एकाच शुक्रवारी घरी पाठवलं. थोरलीला आभाराचा छापील कागद मिळाला. त्यात तिचा हुद्दा 'मदतनीस' असा होता.

दोन वर्षांत दिराने चार लेथचं वर्कशॉप काढलं आणि धाकटी वेगळ्या घरात राहायला गेली. त्या घरातले नळ बघून आल्यावर थोरली दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही.

एका दुपारी धाकटी भेटायला आली. पायात नव्या चपला. चहा झाल्यावर म्हणाली, "ह्यांना सेटर हवाय. पोरं ठेवली ती नुसती टूलं मोडतात. हे म्हणतात, वहिनींसारखा हात कुणाचा नाही. याल?"

थोरलीने कप खाली ठेवला. "मी त्या दिवशी विसरले नव्हते."

"माहीत आहे की."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. तुम्ही आणि गांगरणार?" धाकटी हसली. "वर्षभर तुमच्या नावानं बोटं मोडली. मग पत्रं वाचून कळलं, हे तिथे सुखात आहेत. आता तर वाटतं, तुम्ही हाक मारली असती ना, तर आम्ही अजून त्या खोलीतच पडलो असतो. राग कसला धरायचा, जाऊबाई? ऑर्डरी पडल्यात एवढ्या."

थोरलीला शिव्या चालल्या असत्या. इतकी वर्षं तिने त्यांची तयारी ठेवली होती, उत्तरंही जुळवून ठेवली होती. समोरची बाई चपला घालताना सहज माफ करून निघाली, भाजीवर कोथिंबीर फुकट टाकावी तसं.

नवऱ्याने उजवा कान पुढे केला. "काय म्हणत होती?"

"काम आहे म्हणाली. भावजींकडे."

"जाशील?"

"जाईन."

"मग तोंड असं का?"

"तिला परवडतं सगळं," थोरली म्हणाली. त्याला नीट ऐकू आलं नाही. तिनेही पुन्हा सांगितलं नाही.

सोमवारी ती कामावर गेली. चारही लेथची टूलं तिने काढली, नव्याने धार लावली आणि बसवली. दुपारी धाकटी हिशेबाच्या टेबलामागून म्हणाली, "बसा की घटकाभर, दमला असाल." थोरलीने मान वर केली नाही. तिथे तिने सोळा वर्षं काम केलं आणि त्या टेबलाजवळच्या खुर्चीत एकदाही बसली नाही.