काळ्या गाईचं लाल वासरू

"आधी आजीचं सांगा!"

गोठ्यात पाऊल टाकलं की आमच्या जनावरांच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य हेच. गाय हंबरतेय, मालक घाईला आलाय, आणि हे विचारतात, हिच्या आजीचा रंग कोणता? मालक वैतागून म्हणायचा, "सायेब, मला माझ्या आजीचं ठाऊक न्हाई, गाईच्या आजीचं कुठून सांगू?" मग डॉक्टर खिशातली वही काढून स्वतःच सांगत. जळकोट तालुक्यातल्या आमच्या पाच-सहा गावांतल्या गाईंच्या तीन-तीन पिढ्या त्या वहीत होत्या. मंडळी, सोयरिकी जुळवणाऱ्यांकडेही एवढी माहिती नसते!

माझं खत-बियाण्याचं दुकान दवाखान्यासमोर, त्यामुळे हा खेळ मला रोज फुकट. मोटरसायकलला नायट्रोजनची टाकी बांधलेली, तिच्यात वळूंच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या. डॉक्टर मिशीवर ताव देत म्हणायचे, "सोळा वळू घेऊन हिंडून राहिलो, आन् एकालाबी चारा लागत न्हाई!"

एकदा मात्र त्यांच्यावरच बेतलं. आमच्या गावच्या अप्पांच्या काळ्या-पांढऱ्या संकरित गाईला त्यांनी एचएफ, म्हणजे भरपूर दुधाच्या होल्स्टीन जातीच्या वळूची कांडी भरली. वळूही काळा-पांढरा. नऊ महिन्यांनी कालवड झाली लाल-पांढरी!

अप्पांनी दूध डेअरीच्या रांगेत कॅन आपटला. "एचएफ सांगून आपल्या गावठी लाल कंधारीची कांडी भरली या मानसानं! मला दूध पायजे का नांगर?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरांना कुणी गोठ्यात बोलावेना. ते माझ्या दुकानात येऊन बसले. समोरचा चहा निवून गेला. "नोकरी कुठं जात न्हाई हो," ते म्हणाले, "पर कांडी बदलतो म्हनून नाव झालं, तर माझ्या हाती गाय कोन दील?"

मग दोन दिवस बेपत्ता. तिसऱ्या दिवशी सकाळी महादेवाच्या देवळासमोर टेम्पो थांबला. आधी डॉक्टर उतरले, मग एक अनोळखी मावशी, मग एक लाल-पांढरं वासरू. मावशी उदगीरकडच्या. त्यांची गायही काळी-पांढरी, वळू तोच, आणि कांडी भरलेली तिथल्या दुसऱ्याच डॉक्टरनं.

"त्या गावात मी कालपातूर पाय ठेवला नव्हता," डॉक्टर म्हणाले. "आन् अप्पा, कंधारीची असती तर तुमच्या कालवडीवर ते पांढरे डाग कुठून आले असते? डाग आई-बाप दोघांकडून यावे लागतात, आन् कंधारी तर अंगभर लाल."

"मग लाल आलं कुठून?" अप्पांनी मान ताठ ठेवली.

डॉक्टरांनी माझ्या दुकानातून आणलेल्या पुड्या सोडल्या आणि अप्पांच्या सदऱ्याच्या दोन्ही खिशांत एक-एक काळा उडीद, एक-एक लाल मसूर टाकला. "डावा खिसा गाय, उजवा वळू. दोन्हीतून एकेक दाना काढा. उडीद आला की वासरू काळं, मसूर आत दडून बसतो. दोन्ही मसूर आले तरच लाल."

अप्पांनी काढले: उडीद, उडीद. परत टाकून काढले: उडीद, मसूर. "काळंच की!" अप्पा ओरडले. गर्दी पुढं सरकली, कुणी म्हणे उडीद, कुणी म्हणे मसूर. पाचव्या खेपेला अप्पांच्या तळहातावर दोन मसूर.

"तुमच्या गाईची आजी लाल होती," डॉक्टर वही उघडून म्हणाले. "आई काळी दिसायची, पर तिच्यातून तो मसूर हिच्यापातूर आला. वळूकडंबी तसाच एक."

"अगं बाई, मग हे आन् आमची कालवड सख्खी भावंडं!" अप्पांच्या मालकीणबाई वासराकडे बोट दाखवून म्हणाल्या.

"सावत्र, वैनी. बाप एक, आया दोन. चहा तरी पाजा सोयऱ्यांना!"

हसून हसून लोक कट्ट्यावर बसले. मावशींना चहा मिळाला, त्यांच्या वासराला पेंड. अप्पा मात्र तडक घरी गेले.

दोन वर्षांनी डॉक्टरांची किनवटला बदली झाली. सामानाचा टेम्पो भरला, डॉक्टरीणबाई पुढे बसल्या, आणि डॉक्टर मोटरसायकलला किक मारणार तोच अप्पा आडवे. मागे दाव्याला तीच काळी-पांढरी गाय.

"माजावर आलीय. भरून मगच जा."

"अप्पा, नवे सायेब उद्या येतील. आन् माझ्या कांडीचं काय सांगावं, परत लाल झालं तर?"

"हिरवं होऊ द्या! पर हात तुमचाच पायजे."

टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला. प्रवासासाठी घातलेल्या नव्या सदऱ्याची बाही डॉक्टरांनी खांद्यापर्यंत सारली. अप्पांनी शेपूट धरलं आणि तोंड वळवून उपरण्यानं डोळे पुसले.