रस्त्याचा उतार

परवा लोह्याहून नांदेडला येताना बायको म्हणाली, "गाडी डावीकडं ओढून राहिली, बघा." "रस्ताच उतरता हाय," मी म्हणालो. मागच्या सीटवर आई खुदकन हसली, आणि मला अहमदपूरचं ते टायरचं दुकान आठवलं. तापलेल्या रबराचा वास, दारात पाणी मारलेली गार माती.

तेव्हा दादांनी, म्हणजे वडिलांनी, एक जुनी पांढरी मोटार घेतली होती. ती डावीकडं ओढते असं आई दोन वर्षं मागच्या सीटवरून सांगायची, आणि शाळेत भूगोल शिकवणारे दादा तिला रस्त्याचा उतार समजावायचे.

शेवटी एकदा आम्ही त्या दुकानात थांबलो, तर तिथल्या चाचांनी आधी हवा तपासली. ती बरोबर निघाली. मग त्यांनी पुढचं डावं चाक उजवीकडं आणि उजवं डावीकडं लावलं. आलो होतो त्याच रस्त्यावर दादांनी स्टेअरिंग सैल सोडलं, तर गाडी आता उजवीकडं निघाली.

"मास्तर," चाचा म्हणाले, "टायर खराब हाय. रस्ता काय एवढ्यात उलटा झाला न्हाई."

 नवे टायर बसवून निघताना दादांनी मला मागं पाठवलं आणि आईला पुढं बसवलं. चाकूर आलं. मग हळूच म्हणाले, "काय म्हणून राहिली गाडी?"

"सरळ चालली हाय," आई म्हणाली.

पुढची खिडकी गेली म्हणून मी रुसलो होतो. दादांनी माफी मागितली होती, हे आता कळतं.

परवा मीही गाडी बाजूला घेतली आणि बायकोला विचारलं, "कधीपासून ओढून राहिली?"

"दिवाळीपासून सांगून राहिले," ती म्हणाली.